नादुरुस्त गाडीचे कायदेशीर फायदे

रत्नागिरीतून गोव्यात किंवा कर्नाटकात बिऱ्हाड हलवायचे ठरले की सामानाची यादी होते आणि यादीच्या तळाशी गाडी येते. ती सकाळी सेल्फ घेत नाही, घाटात गरम होते, खाऱ्या हवेने तिचा पत्रा खालून सडलेला असतो आणि बॅटरी कधी उतरेल याचा नेम नसतो. मग नातेवाईक, शेजारी आणि नाक्यावरचे जाणकार एकमुखाने सांगतात, आधी गाडीचे काम करून घ्या, मग निघा. हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण मोटार वाहन कायदा न वाचता दिलेला असतो. कायदा, कर आणि महामार्ग हे तिन्ही एकत्र ठेवून पाहिले तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो. राज्य बदलणाऱ्या माणसाला परवडते ती बेभरवशाचीच गाडी. धडधाकट गाडी त्याला दर पावलाला खर्चात घालते.

आधी कायदा पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ४६ सांगते की एका राज्यात नोंदलेली गाडी भारतभर चालेल. वाचून ऊर भरून येतो न येतो तोच कलम ४७ येते. त्यात म्हटले आहे की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नवा क्रमांक घ्यावा लागेल. राष्ट्रीय एकात्मता इथे बरोबर एक कलम टिकते. माणसाचे असे नाही. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने त्याला देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क दिला आहे, त्याचे लायसनही सगळीकडे चालते. ज्या गाडीसाठी ते लायसन काढले, तिला मात्र एमएच ०८ ची हद्द कायमची सोडायची तर फॉर्म २८ भरून ना हरकत प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यासाठी कर्ज असेल तर बँकेची संमती हवी, कर थकलेला नसावा आणि गाडी चोरीची नाही असा पोलिसांचा निर्वाळा हवा. चार माणसांनी धक्का मारल्याशिवाय सुरू न होणारी गाडी चोरायला चोराला आधी माणसे गोळा करावी लागतील, पण अर्जात हे लिहायला रकाना नाही. कायदा तसा दयाळू आहे. तीस दिवसांत नकार कळवला नाही तर प्रमाणपत्र दिले असे समजावे, असे कलम ४८ म्हणते. फक्त ते समजलेले प्रमाणपत्र म्हापशाच्या खिडकीवर कागदांना टाचून कसे दाखवायचे, याबद्दल कलम काही बोलत नाही.

आता कर. गाडीची नोंदणी केंद्राच्या कायद्याने होते, पण वाहनावरचा कर राज्यसूचीतल्या ५७ व्या नोंदीप्रमाणे राज्याच्या तिजोरीत जातो. महाराष्ट्र हा कर गाडी घेतानाच एकरकमी घेतो. दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला अकरा टक्क्यांनी एक लाख दहा हजार रुपये पडतात. आलिशान गाड्यांवरील कराची वीस लाखांची कमाल मर्यादाही १ जुलै २०२५ पासून तीस लाखांवर गेली. वर्षा-दोन वर्षांत मालकाची बदली झाली की दुसरे राज्य आपला कर वेगळा मागते. आधी तिकडे पैसे भरायचे, तिकडचा क्रमांक घ्यायचा, मग त्याचा पुरावा घेऊन इकडच्या कार्यालयात उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. नवी, देखणी, एका चावीत सुरू होणारी गाडी ज्याच्याकडे आहे, त्याचा पैसा असा दोन सरकारांत अडकतो. चौदा वर्षांच्या खटाऱ्याचा मालक निर्धास्त असतो, कारण त्याच्या गाडीचा कर केव्हाच झिजून गेलेला असतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण येते आणि त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली, शिवाय पर्यावरण कर आहे, हे मान्य. पण एक लाख दहा हजारांशेजारी ठेवले की ते पाच हजार चहापाण्यासारखे वाटू लागतात.

तिसरा पुरावा रस्त्याचा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. त्या वर्षी नोंदलेल्या खासगी गाडीची पंधरा वर्षे २०२६ मध्ये भरतात, म्हणजे रस्त्याच्या बारशाला आलेली गाडी त्याच्या मुंजीपर्यंत निवृत्तीला पोचते. सिंधुदुर्गात सिमेंटचा रस्ता आधी झाला, पण आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे रत्नागिरी जिल्ह्यातले टप्पे वर्षानुवर्षे मुदतवाढीवर जगले. हातखंबा, पाली, लांजा या वाटेवर गाडी थांबली की ती बंद पडली, डायव्हर्जनला अडकली की खड्डा बघून विचारात पडली, हे बाहेरून ओळखता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असतानाच उड्डाणपुलाचा भाग खाली आला. जिथे पूलच बसकण मारतो, तिथे एका रेडिएटरला काय बोल लावायचा? या बाबतीत रेल्वेचे मत तर माझ्याहूनही पुढचे आहे. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा अशी मोटारींची रो-रो सेवा सुरू केली, भाडे एका गाडीला ७,८७५ रुपये आणि माणसांचे तिकीट वेगळे. गाडीने गोव्याला पोचण्याची उत्तम रीत म्हणजे ती अजिबात न चालवणे, हे एका सरकारी कंपनीने दरपत्रकासह मान्य केले. फक्त रत्नागिरीकराची थोडी अडचण अशी होती, की दक्षिणेला जाण्यासाठी गाडी आधी दोनशेच्या आसपास किलोमीटर उत्तरेला कोलाडपर्यंत चालवायची, आणि मग तिच्याबरोबर रेल्वेने रत्नागिरीवरूनच पुढे जायचे.

यावर पहिला आक्षेप येतो तो बीएच मालिकेचा. सप्टेंबर २०२१ पासून भारत मालिकेचा क्रमांक मिळतो, कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि राज्य बदलले तरी पाटी बदलत नाही. योजना चांगली आहे, यात शंका नाही. ती संरक्षण दलांसाठी, सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांसाठी आहे. आंब्याचा व्यापारी, मिरकरवाड्यातला मासळीचा ठेकेदार किंवा मडगावात खानावळ काढायला निघालेला कुटुंबप्रमुख यांची चार राज्यांत कार्यालये नसतात. त्यांना भारत लागतो, पण भारत मालिका लागत नाही. दुसरा आक्षेप, गाडी इथेच विकून टाका. हे सुचवणाऱ्यांनी रत्नागिरीत गाडी विकून पाहावी. मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत सगळ्यांना ती गाडी कुठे-कुठे टोचन करून आणली याची तारीखवार माहिती असते, आणि गिऱ्हाईक बॉनेट न उघडताच हेड गॅसकेटची चौकशी करते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला चेष्टेने उत्तर देता येणार नाही. असली गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ, असे कोणी म्हणेल. खरे आहे, जर बिघाड ब्रेकचा, स्टिअरिंगचा किंवा गुळगुळीत झालेल्या टायरचा असेल तर. ती कामे निघण्याआधी झालीच पाहिजेत, विमा आणि पीयूसी चालू पाहिजेत, आणि आंबा घाटाच्या वाटेने कोल्हापूरकडे उतरायचे-चढायचे असेल तर ब्रेकपॅडवर काटकसर करणारा माणूस माझ्या युक्तिवादाच्या आसऱ्याला येऊ नये. माझी वकिली सेल्फ, बॅटरी, क्लच प्लेट आणि वायरिंग यांच्यापुरती आहे. धोकादायक गाडी आणि बेभरवशाची गाडी यांत फरक आहे. पहिली थांबत नाही, दुसरी निघत नाही, आणि न निघालेल्या गाडीने आजवर कोणाला उडवल्याचे ऐकिवात नाही.

आता सगळ्यात भक्कम मुद्दा. कलम ४७ चे बारा महिने मोजले जातात ते गाडी दुसऱ्या राज्यात ठेवल्याचे. चांगली गाडी गोव्यात गेली की निमूट तिथेच राहते आणि तेराव्या महिन्यात कराला पात्र होते. बेभरवशाच्या गाडीला तो धोका नाही. तिचे दुखणे फक्त रत्नागिरीतल्या जुन्या मिस्त्रीला कळते, त्यामुळे चार-पाच महिन्यांनी ती आपोआप माहेरी येते, तिथे सुट्या भागाची वाट पाहत पडून राहते, आणि मालकाच्या हाती तारखेसह गॅरेजचे बिल पडते. गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीच्या नाक्यावर कोणी हटकलेच तर टोलच्या नोंदींहून हे बिल बोलके, कारण त्यात गाडी महाराष्ट्रात होती एवढेच नव्हे, तर ती हलूच शकत नव्हती हेही सिद्ध होते. यात पळवाट कोणाला दिसली तर ती मालकाने पाडलेली नाही. वाहन पोर्टलवर देशभरातल्या गाड्यांची नोंद आधीच एकत्र आहे. २०१७ पासून जीएसटीत एका राज्यात गोळा झालेला कर दुसऱ्या राज्याला आपोआप पोचता करणारी यंत्रणाही चालू आहे. मालाचा कर राज्याची सीमा ओलांडू शकतो, तर मोटारीचा उरलेला कर रत्नागिरीहून पणजीला सरकारने सरकारला पाठवायला काय हरकत आहे? नागरिकाने एका खिडकीवर पत्ता बदलावा आणि हिशेब दोन तिजोऱ्यांनी आपसांत मिटवावा, एवढेच काम आहे. ते होईपर्यंत सुज्ञ माणसाने ब्रेक दुरुस्त करावेत आणि बाकी गाडी आहे तशी ठेवावी. तिला पुरती दुरुस्त करणे म्हणजे स्वतःहून कराच्या कक्षेत चालत जाणे होय.