चलनमीमांसा

वेगमर्यादा ओलांडल्याच्या चलनाचे पैसे मुकाट भरावेत की कोर्टात लढावं, या प्रश्नाकडे शास्त्रकारांनी अक्षम्य दुर्लक्ष केलं आहे. परंपरेत आधार एकच, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. पण हे वचन शहाण्यांपुरतं आहे. बाकीच्यांनी काय करावं, यावर ते गप्प. आणि स्वतःला शहाणा न समजणारा माणूस आमच्या कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत सापडणं कठीण, त्यामुळे नमुना मिळवतानाच संशोधन अडलं.

अखेर गल्लीतले एक मामा मिळाले. कागलकडून हायवेनं येताना त्यांच्या गाडीचा वेग कॅमेऱ्यानं टिपला आणि मोबाइलवर मेसेज पडला, दोन हजार. मामांचं निवेदन असं: "गाडी माझीच हाय, फोटोत हातबी माझाच. पण स्पीड माझा न्हवं."

पूर्वपक्ष म्हणतो, भरून मोकळं व्हा. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम १८३, २०१९ ची दुरुस्ती धरून हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड. उलट कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जायचं तर दिवसाचा खाडा, पेट्रोल, वकिलाची फी आणि वकिलाच्या कारकुनाचा चहा. हिशेब चोख आहे. पण असा हिशेब करणारा माणूस कुस्तीच्या मैदानाला तरी कशाला जाईल?

उत्तरपक्षाला जागतिक पाठबळ आहे. १८९६ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड ताशी २ मैलांच्या हद्दीत ८ मैलांनी गेला. सायकलवरच्या पोलिसानं पाठलाग करून धरला, दंड एक शिलिंग. सव्वाशे वर्षांनंतरही त्याचं नाव निघतं. गुपचूप ऑनलाइन पैसे भरणाऱ्या कुणाचं निघेल? २०१२ साली कॅलिफोर्नियात दिमित्री क्रियुकोव्ह या भौतिकशास्त्रज्ञानं तर 'थांबा'च्या पाटीपाशी न थांबल्याच्या दंडाविरुद्ध चक्क शोधनिबंध लिहिला. बाजूला उभ्या पोलिसाला गाडीचा वेग नव्हे, कोन बदलण्याचा वेग दिसतो, असं त्याचं म्हणणं. दंड माफ झाला. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "त्यो मास्तर हाय. आमचं गणित सातवीतच सुटलं."

तरी कायद्यात मामांच्या बाजूला जीव आहे. एकट्या साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर वेगाचा गुन्हा शाबीत होत नाही, त्याला यंत्राचा आधार लागतो, असं कलम १८३ च सांगतं. म्हणजे पानपट्टीवाल्याचं 'मामा वाऱ्यागत गेले' हे मत पुराव्यात कुचकामी. राहिलं यंत्र. २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७ अ प्रमाणे त्याला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, ते दरवर्षी नवं करावं लागतं, नोटीस १५ दिवसांत निघावी लागते आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक लागतो.

या शेवटच्या अटीवर मामांनी भाच्याच्या स्प्लेंडरवरून क्षेत्रीय अभ्यास केला. खांब सापडला. खांबावर कुणा भावी सरपंचांचा वाढदिवसाचा फ्लेक्स, गॉगलसह. त्याखाली फलक असावा किंवा नसावा. असला तर दिसत नाही, म्हणजे ठळक नाही. नसला तर प्रश्नच मिटला. फ्लेक्स काढून बघावा, असं आम्ही सुचवलं. मामांनी आमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पुढं पंचायतीची निवडणूक आहे.

तिसरा पंथ लोकअदालतीचा. तिथं तडजोड होते, वेळ वाचतो. पण निवाड्यावर अपील नाही. इथं कोल्हापूरकराचं मन अडतं. चाळीसहून अधिक वर्षं भांडून ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआर रुग्णालयासमोर हायकोर्टाचं सर्किट बेंच आणलं, सहा जिल्ह्यांची सोय झाली, आणि आपण अपिलाची वाटच बंद करून घ्यायची? दोन हजारांसाठी हायकोर्टात कोण जातं, हा प्रश्न गौण. जाता आलं पाहिजे.

तूर्त मामा पैसेही भरत नाहीत आणि बावड्यालाही जात नाहीत. "मॅटर पेंडिंग हाय," एवढंच सांगतात, आणि सांगताना मान किंचित ताठ होते. आमचा सिद्धान्त असा, की न भरलेल्या आणि न लढलेल्या चलनाइतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कुठल्याही कागदाला नाही, सातबारा वगळता. बांधाच्या भांडणात त्यांना आता कायद्याचा माणूस म्हणून बोलावणं येतं. परवा उचगावचा एक पोरगा सिग्नल तोडल्याचा मेसेज घेऊन सल्ल्याला आला. मामांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "सिग्नलवर फ्लेक्स कुणाचा हुता?"