गिरणीतली बातमी

“काकू, वरच्या आळीतल्या पोरीचं कळलं का?”

“कळलं गं बाई. कॅन्सर म्हणे! अजून सोयरीकसुद्धा नाही जमली, आणि हिरडीवर हाड उगवलं. गिरणीत सगळ्या बायका तेच बोलत होत्या.”

“गिरणीत काय, काहीही दळतात. कॅन्सर-बिन्सर काही नाही. तिच्या आईबरोबर मीच गेले होते ना पिंपरीच्या डेंटल कॉलेजात.”

“मग हाड कुठनं आलं?”

“वरच्या पुढच्या दोन दातांच्या फटीतनं गाठ आली, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती, पण घासताना रक्त यायचं, म्हणून पोरीनं तिथं ब्रश लावायचाच सोडला. मग साठलं कीटण. कीटण हिरडीला डिवचतंय, गाठ वाढतीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे बारीक धागे असतात, तिथनं ही निघते. त्या धाग्यांतल्या पेशींना हाड बनवता येतं, म्हणून गाठीच्या पोटात हाडाचे कण. रिपोर्टवर ‘पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा’ लिहिलंय, पोरीनंच वाचून दाखवलं. वयात आलेल्या पोरींना, तरण्या बायकांना जास्त होते म्हणे.”

“थोरल्याच्या वेळी मलापण आली होती की! लालभडक, हात लागला की रक्त. बाळंतपणानंतर आपोआप बसली. हिची कशाला चिरली?”

“तुमची ती गरोदरपणातली, काकू. दिसायला दोन्ही सारख्या. नुसतं बघून डॉक्टरलाही छातीठोक सांगता येत नाही. म्हणून काढायची आणि तपासायला पाठवायची. आधी एक्सरे काढला, गाठ हिरडीचीच आहे का जबड्याच्या आतली, ते बघायला.”

“आतली पण असते?”

“असते की. रांगेत आमच्या पुढं एक पोरगा होता, गाल एका बाजूनं फुगलेला. त्याचं हाडच आतनं बदललंय, चांगल्या हाडात असं मिसळलंय की कडच सापडत नाही. एक्सरेत घासलेल्या काचेसारखं दिसतं. अंगाची वाढ थांबली की बहुतेक वेळा तेही थांबतं, मग चेहरा वाकडा दिसला तर तासून सारखा करतात. दुसरी एक जात असते, तिला नीट कड असते, ती सोलून अख्खी बाहेर काढतात. आणि जबड्याला हाडाच्या गाठी पुष्कळ निघाल्या, तर आतडंसुद्धा तपासायला लावतात.”

“जबडा कुठं, आतडं कुठं! बरं, पोरीची कशी काढली?”

“जागा बधिर करून. मुळासकट, हाडावरच्या पातळ पडद्यासकट. शेजारचे दातही घासून साफ केले. वरवर छाटली तर पुन्हा येते. नीट काढूनसुद्धा शंभरातल्या ८ ते २० जणांना येते म्हणतात, म्हणून परत दाखवायला बोलावलंय.”

“हं… जरा इकडं ये. कुणाला सांगू नको. माझ्या टाळूच्या मधोमध टणक उंचवटा आहे. या घरात आले तेव्हापासनं जिभेला लागतोय.”

“दुखतो?”

“छे!”

“बाकड्यावर माझ्या शेजारी एक बाई होती, तिला अगदी तसाच. टोरस म्हणतात त्याला. हाडाचाच असतो, बायकांत जास्त. औषध नाही आणि बहुतेकांना लागतही नाही. कवळी बसवताना आड आला तरच तासतात. पण तुमचा तोच का, ते मी कोण सांगणार?”

“अगं, कवळीच तर बसवायचीय मला!”

“मग आधी दाखवा. आणि काकू, मिश्री?”

“चिमूटभर गं. दात शिवशिवतात म्हणून.”

“भाजून काळी केली तरी तंबाखूच ती. गिरणीतल्या बायकांना कॅन्सर हुडकायचाच असेल, तर आपापल्या मिश्रीच्या डबीत हुडकावा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा नाहीतर लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, उगाच हलणारा दात, बधिर झालेला ओठ, यातलं काही दिसलं तर कुंपणाशी येऊन मला विचारायचं नाही. सरळ दवाखाना गाठायचा.”

“बरं बाई, जाऊ. फाल्गुनातली अमावास्या होऊ दे. त्या दिवशी आपल्या गावातल्या समाधीच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांची घरी रीघ लागते. पाडवा झाला की निघू दोघी.”

“नक्की ना?”

“नक्की. आत्ता गिरणीत जाते, दळण तिथंच आहे माझं. पोरीला कॅन्सर नाही हे मीच सांगते. माझ्या तोंडातनं निघालं की दिवस मावळायच्या आत कोरेगावला पोचतं.”

“आणि टाळूवरच्या टोरसचं?”

“ते तुझ्या तोंडातनं निघालं तर बघ!”