कूलर, एसी अन् कोपऱ्यावरचं घर

“काय काकू, कूलर आताच अंगणात काढला? होळी तर व्हायची आहे अजून.”

“मग मे महिन्यात ताट्या घ्यायला जाऊ? तेव्हा दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगतो. तुमचा पोरगा काल खिडकी काहून मोजून राहिला होता?”

“एसी घ्यायचा म्हणतो. ते ताऱ्यांचं लेबल पाठच केलंय त्यानं. वर्षाला इतके युनिट, तितके युनिट.”

“त्या युनिटांवर जाऊ नका बाप्पा. ते वर्षाच्या 1600 तासांचे असतात. नागपूरला तेवढेच अन् नाशिकलाही तेवढेच! तुमचे सासरे दुपारभर लावतील, पोरगा रात्रभर. दिवसाला सोळा तास धरले तर शंभर दिवसांत ते तास खलास. दोन मशीन ताडून पाहायला लेबल झकास, पण आपलं बिल त्यात शोधायचं नाही.”

“मग कूलरच बरा म्हणता?”

“मे महिन्यात त्याच्यासारखा दुसरा नाही. 45 डिग्री असली तरी हवा कोरडी ठणठणीत. ताटीवरचं पाणी सुकताना वाऱ्यातली उष्णता ओढून घेतं. फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे, ओली हवा बाहेर जायला. पण जूनमध्ये पाऊस लागला की हवेतच पाणी; ताटीवरचं सुकणार कुठं? तेव्हा एसीच कामाचा. अन् कोपऱ्यावरच्या वहिनींनी काय केलं ठाऊक आहे? नणंदेला इथून कूलर नेऊन दिला. दादरला!”

“अगबाई! मुंबईत?”

“हो ना! नणंद म्हणते, घरात ओलं धुणं वाळत घातल्यासारखं झालं.”

“त्यांच्या स्वतःच्या घरी तर एसी आहे ना?”

“आहे. अन् त्याच खोलीत कूलरही चालू! एक मशीन हवेतलं पाणी काढतं, दुसरं भरतं. त्यावर एसी सोळावर. 2020 पासून नवे एसी चोवीसवरच सुरू होतात, पण ही मंडळी रिमोट घेऊन खाली आणतात. एक डिग्री वर ठेवली तर साधारण सहा टक्के वीज वाचते म्हणे. आम्ही सव्वीसवर ठेवतो, वरून पंखा. बिल आलं की वहिनी म्हणतात, मीटरच पळतं.”

“तुम्ही सांगायचं होतं.”

“सांगितलं की! तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. गेल्या ऑगस्टात महापालिकेच्या बाया कूलरच्या टाक्या तपासत आल्या होत्या ना? मी आपली दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासते, डेंगूचे डास त्याच पाण्यात होतात म्हणून. वहिनींच्या कूलरमध्ये जूनपासूनचं पाणी, अन् त्यात अळ्या वळवळून राहिलेल्या! वर त्या बायांनाच विचारतात, ‘कूलर तर बंद होता, मग डास आले कुठून?’”