भुकेची राजधानी

प्रस्तुत लेखकाने जठर कापून घेतलं ते मधुमेहासाठी. निदान भेटेल त्याला तो तसंच सांगतो. खरं कारण शर्ट खोचता यावा हे होतं, आणि ते फक्त बायकोला आणि शिंप्याला ठाऊक आहे. 'गडकरींनीसुद्धा वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली होती, २०११ साली, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना' हे वाक्य तो अशा थाटात टाकतो, की ऐकणाऱ्याला वाटावं दोघे शेजारशेजारच्या खाटांवर होते.

सुरुवातीला काटा रोज उतरत होता. जुन्या पँटच्या एकाच पायात उभं राहून फोटो काढणं झालं, स्टेटसला लावणं झालं, लोकांना फुकट आहारसल्ला देणं तर अखंड चालू होतं. मग काटा थांबला. आणि भूक परत आली.

हे त्याच्या हिशेबात नव्हतं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. मागे केळ्याएवढी नळी उरते. भूक चेतवणारं घ्रेलिन प्रामुख्याने जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि नेमका तोच भाग जातो. हे घ्रेलिन १९९९ मध्ये जपानच्या मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा (नाव खरंच हेच आहे) यांनी शोधलं. तेव्हा भूक एकदाची बादलीत गेली, अशी लेखकाने समजूत करून घेतली. पण शरीराचा कारभार एकाच खात्यावर चालत नाही. चरबी घटली की लेप्टिन घटतं, मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, आणि तो खर्चात कपात सुरू करतो. मेंदू मराठवाड्यातला. दुष्काळ म्हटलं की त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

इथे मुहम्मद बिन तुघलकाला आणणं भाग आहे. त्याने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, आणि त्याच्या लष्करी मुदपाकखान्यातून नान खलिया आपल्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात, आला, असं इथे सांगतात. इतिहासकारांना काय म्हणायचं ते म्हणू दे. जाडसर, मऊ, पिवळसर नान मोडावा, मटणाच्या रश्श्यावरची तर्री हलकेच बाजूला सारावी, खाली घास बुडवावा आणि वर येताना तीच तर्री घेऊन यावं. लष्करासाठी रांधलेल्या या पदार्थाला 'थोडंसं घेतो' हे मान्यच नाही. जुन्या शहरातल्या लग्नांत पंगतीला बसल्यावर लेखक एकेकाळी नान मोजत नसे, वाढपी मोजत. आज दुसऱ्याच घासाला छातीत धोंडा बसतो, कारण पिठूळ, मऊ नानाचा गोळा अरुंद नळीत अडकतो. चिवडा मात्र सुरळीत उतरतो. आईस्क्रीमला तर कुणीच अडवत नाही. म्हणजे नाकाबंदी नेमकी खलियापुरती! तुघलकाची राजधानी काही वर्षांत दिल्लीला परत गेली. लेखकाच्या भुकेने तेवढाही धीर धरला नाही.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. लेखक मध्यरात्री मोबाइलवर दुसऱ्यांच्या कढया बघतो. शास्त्राचा आधार मिळाल्यापासून उघडपणे बघतो.

गोगाबाबा टेकडीवर सकाळी भेटणारी मंडळी विचारतात, "ऑपरेशन करूनही?" या 'करूनही'ने लेखकाचं डोकं फिरतं. आधी हेच लोक म्हणत, तोंडावर ताबा ठेवा. शस्त्रक्रिया केली तर म्हणाले, शॉर्टकट मारला. आता म्हणतात, पैसे पाण्यात. स्वीडनमध्ये १९८७ पासून वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांचा अभ्यास झाला. त्यांचंही वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली गेलं, मग थोडं वर आलं. तरी शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं. लेखकाच्या साखरेच्या गोळ्याही कमी झाल्या आहेत. ते कुणी विचारत नाही. जाड माणसाला अपराधी ठरवायची सवय इतकी मुरली आहे, की तो बारा महिने जामिनावरच असतो.

घरात मात्र त्याला कुणी काही बोलत नाही. बायको त्याला मुलाच्या उष्टावणाच्या चांदीच्या वाटीत वरण वाढते. त्याला एकटं वाटू नये म्हणून स्वतःही तेवढंच घेते, शेजारी बसून तेवढंच सावकाश चावते. लेखकाचा काटा जागचा हलला नाही, तिचा मात्र भराभर उतरला. सोसायटीतल्या बायका हल्ली डॉक्टरांचा नंबर तिच्याकडे मागतात, आणि ती तो देतेही.