सध्या नॉमिनी कोण?

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. तालुका कोणताही घ्या, तिथं एक बापू असतातच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, दोन पोरं, एक पोरगी, थोडं सोयाबीन, थोडी तूर आणि निवृत्तीच्या पैशाची मुदत ठेव. बाकीचं जग खात्याला एकदा वारसाचं नाव लावतं आणि विसरून जातं. स्वतःला नातवंडं झाली तरी पासबुकावर नाव आईचंच, आणि आई जाऊनही जमाना झालेला. बापू त्यातले नव्हेत. बापूंचा नॉमिनी कायम ताजा.

अकोल्यातून वाशीम जिल्हा १९९८ साली वेगळा निघाला, तो एकदाच. बापूंच्या खात्यातून पोरं सणागणिक वेगळी निघतात. पोळ्याला धाकटा पुण्याहून आला नाही, की दुसऱ्या दिवशी बँकेचं शटर वर जायच्या आत बापू पायरीवर.

"लहान्याचं नाव काढा. मोठ्याचं लावा."

"काऊन बापू, काय झालं?"

"पोळ्याले आला नाही."

१९८५ च्या नियमांनी यासाठी तीन फॉर्म ठरवून दिले होते. नाव लावायला डीए-१, रद्द करायला डीए-२, बदलायला डीए-३. डीए-१ शी बापूंचा संबंध आयुष्यात एकदाच आला. डीए-२ म्हणजे त्यांच्या मते नुसता राग, त्यात कोणाचाच फायदा नाही. त्यांचा जीव डीए-३ वर. त्याच्या झेरॉक्स प्रती ते कापडी पिशवीत बाळगून असतात. फॉर्म भरणं हा सोहळाच. चष्मा पुसायचा, पेनाचं टोपण मागच्या बाजूला बसवायचं आणि फळ्यावर लिहिल्यासारख्या सुबक अक्षरात पोराचं नाव लिहिता लिहिता ते मोठ्यानं उच्चारायचं. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं नाही, तर पुन्हा.

नॉमिनीच्या फॉर्मवर सही करणाऱ्याला साक्षीदार लागत नाहीत. अंगठा असेल तरच दोन लागतात. क्लार्कनं हे बापूंना कितीदा सांगितलं. पण बापू चहाच्या टपरीवरून दोघांना धरून आणतातच. साक्षीदार बँकेला लागत नसतील. बातमी बारा वाजायच्या आत घरी पोचायला लागतात. सुनेनं त्या संध्याकाळी केलेल्या वांग्याच्या भाजीवर तर्री किती आहे, यावरून सध्या नॉमिनी कोण हे शेजारी ओळखतात. रोडग्यांवर तूप दिसलं, तर मोठ्याचं नाव पक्कं समजायचं.

मोठ्यानं सोयाबीनच्या पट्टीचा हिशेब दिला नाही, की नाव पोरीचं. दिवाळीला जावयानं आहेराची टोपी हातात फिरवून पाहिली, की पोरगीही गेली. पुन्हा धाकटा.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात १ नोव्हेंबर २०२५ पासून नवा नियम लागू झाला. बँकेच्या ठेवीवर आता चार जणांची नावं लावता येतात. एकापाठोपाठ एक किंवा एकदम. एकदम लावली तर प्रत्येकाची टक्केवारी लिहायची, बेरीज शंभर. लॉकरला मात्र टक्केवारी नाही, तिथं क्रमच. पहिला नसेल तर दुसरा.

बापू आधी चिंतेत पडले. चौघं एकाच वेळी खूश झाले, तर बापूंना विचारणार कोण? मग टक्केवारीचा अर्थ डोक्यात शिरला आणि चेहरा उजळला. मोठा चाळीस, लहाना तीस, पोरगी वीस. उरलेले दहा पोरांच्या मायच्या नावे.

माय तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "दहा? मंग मी बी सैपाक दहाच टक्के करतो."

दुसऱ्या दिवशी मायचे चाळीस झाले. लॉकरमधल्या एकदाणीसाठीही पहिलं नाव तिचंच लागलं.

आता एक गंमत. गावच्या पतसंस्थेतल्या बापूंच्या शेअरवर आजही त्यांच्या वडिलांचं नाव आहे. वडील स्वर्गवासी होऊन किती काळ लोटला, ते फक्त पितृपक्षात निघतं. कोणी आठवण दिली तर बापू "जाऊ एक दिवस" म्हणतात. पतसंस्थेत दुपारी शिपाई डुलक्या घेत असतो. तिथं नाव बदललं तर ऐकणार कोण?

परवा बँकेत नवीन मॅडम आल्या. बापूंचं खातं उघडून त्या बदलांची यादी वरून खाली बघतच राहिल्या. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "बापू, एवढा त्रास कशाला घेता? नॉमिनी मालक नसतो. सर्वोच्च न्यायालयानं विम्याबद्दल १९८३ साली, बँकेतल्या ठेवीबद्दल २०१० साली आणि शेअरबद्दल २०२३ साली हेच सांगितलं. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण ते त्यानं वारसांना द्यायचे असतात. तुम्ही मृत्युपत्र केलंय का?"

"नाही."

"मग तुमच्या कमाईत दोन्ही मुलं, मुलगी आणि आजी, चौघांचा सारखा हिस्सा. इथं टक्के काहीही लिहा."

बापूंनी मागं वळून पाहिलं. दोन्ही साक्षीदार बाकावर चहा पीत होते. काउंटरवर ओणवे होऊन बापू पुटपुटले, "मॅडम, मले मायीत हाय ते. तुमी जरा हळू बोला."