आधी कोपर मोजा

चपट्या खोक्यांतून येणारं स्वयंपाकघर स्वतःच जोडायचं ठरवलं असेल, तर खोकी फोडण्याआधी एक काम करा. घरात रोज पोळ्या कोण लाटतं? बहुतेक घरांत अजूनही बाईच. तिला सरळ उभं राहायला सांगा, हात कोपरात दुमडायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून 10 ते 15 सेंमी वजा करा. उरेल ती तुमच्या ओट्याची उंची.

माहितीपत्रकातली उंची वेगळी असेल, कारण ती युरोपातल्या माणसांच्या मापाची आहे. तिथला एक रुळलेला हिशेब असा: खालचं कपाट 80 सेंमी, त्याखाली पाय 8 सेंमी, वर फळी 3-4 सेंमी. झाले 91-92. आपल्याकडच्या पाच फुटी बाईचं कोपर साधारण 95 सेंमीवर येतं, म्हणजे तिला ओटा हवा 80 ते 85चा. लाटण्यावर भार देताना, कणीक मळताना, भाकरी थापताना हात खाली दाबावा लागतो. 92च्या ओट्यावर तेच काम खांदे उचलून करावं लागतं. त्यावर शेगडी ठेवली की कढईतली भाजी बघायला टाचा उचलायच्या. हे पहिल्या आठवड्यात कळत नाही, कारण तेव्हा सगळे नव्या ट्रॉल्यांचं कौतुक करत असतात. दुखणं वर्षभरानं खांद्यात उतरतं आणि मग औषध वयावर केलं जातं.

उपाय अवघड नाही. 72 सेंमीचं कपाट, 10 सेंमीचे पाय आणि 2 सेंमीचा ग्रॅनाइट मिळून 84 होतात. फक्त हा हिशेब मागणी नोंदवण्याआधी करायला हवा. दुकानांनाही माझी एक मागणी आहे: नमुन्याचा ओटा एकाच उंचीचा मांडू नका. 80, 85 आणि 90 असे तीन ओटे शेजारी शेजारी ठेवा, प्रत्येकावर एक पोळपाट ठेवा आणि बाईला उभं राहून बघू द्या.

स्वतः जोडण्यात मजुरी वाचते, हे खरंच आहे. पण मला त्याहून मोठा फायदा दिसतो तो निर्णयाचा. सुतार विचारतो, ‘साहेब, उंची किती ठेवू?’ आणि ज्यानं त्या ओट्यावर कधी चहाही केलेला नाही तो उत्तर देतो, ‘स्टँडर्ड ठेव.’ तिथे पुढच्या वीस वर्षांचा निकाल लागतो. स्वतः जोडणाऱ्या घरात हा निकाल बदलता येतो. तेलाचा डबा कुठे, पिठाचा कुठे, जड कुकर किती खाली, मिक्सरचं बटण कुठे, हे सगळं रांधणाऱ्या माणसानं सांगावं आणि बाकीच्यांनी स्क्रू फिरवावेत.

तयार स्वयंपाकघराचा इतिहासही हेच सांगतो. मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी 1926 साली फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. कुठल्या कामाला किती वेळ आणि किती पावलं लागतात याचा विचार करून त्यांनी एकेक खण बसवला. अशी सुमारे 10 हजार स्वयंपाकघरं कारखान्यात तयार होऊन घरोघर बसली. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. त्या रचनेबद्दल मला अपार आदर आहे. पण ती आखेपर्यंत आपण स्वतः कधी रांधलं नव्हतं, हे त्या बाईंनीच पुढे मोकळेपणानं सांगितलं. शंभर वर्षं होत आली, तरी आखणारा एक आणि रांधणारी दुसरी ही वाटणी अजून मोडलेली नाही.

आता जोडणी. खोकं जोडणं सोपं आहे, हे विकणारे सांगतात ते खोटं नाही. भोकं आधीच पाडलेली असतात: 5 मिमी व्यासाची, एकमेकांपासून 32 मिमीवर. बिजागरीच्या वाटीचं भोक 35 मिमीचं. ही मापं जगभर रुळली आहेत, त्यामुळे उद्या बिजागरी तुटली तर तीच कंपनी शोधत बसावं लागत नाही. पुण्यात भवानी पेठेत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बहुधा दुसरी मिळते आणि त्याच भोकात बसते.

कठीण आहे ती भिंत. आपल्या इमारतींत भिंत ओळंब्यात असेल आणि कोपरा काटकोनात असेल, असं गृहीत धरू नका. जमीनही मोरीकडे उतरती असते. म्हणून पहिलं कपाट जमीन जिथे सर्वांत उंच आहे तिथे ठेवा आणि बाकीच्यांचे पाय फिरवून त्याच्या पातळीला आणा. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी बघतात, ती पद्धत आजही बिनचूक आहे. इथे एक तास जास्त घालवा. वर ग्रॅनाइट येणार आहे आणि दहा फुटी ओट्याचा दगड शंभर किलोच्या घरात जातो. पातळी चुकली तर दगडाला खाली आधार मिळत नाही आणि सिंकच्या कापाजवळ, जिथे तो सर्वांत अरुंद असतो, तिथेच तडकतो. दगड बसवायला मात्र दगडवालेच बोलवा.

वरची कपाटं टांगण्याआधी भिंत कशाची आहे ते विचारून घ्या. विटेची असेल तर साधी गिट्टी चालते. नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत ती सैल होते. तिथे त्याच ब्लॉकसाठी बनवलेले अँकर लागतात. काचेच्या बरण्यांनी भरलेलं कपाट डोक्यावर असताना हा खर्च वाचवण्यात अर्थ नाही. नळाच्या आणि स्विचच्या सरळ रेषेत, वर किंवा खाली, ड्रिल लावू नका. पाइप आणि वायर बहुधा तिथूनच गेलेल्या असतात.

पाण्याबद्दल तर जास्तच सावध राहा. आपल्याकडे भाज्या, भांडी, तांदूळ सगळं भरपूर पाण्यात धुतलं जातं, फरशीवर पाणी सांडतं. भुशाच्या फळीला पाणी लागलं की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही. म्हणून निदान सिंकखालचं कपाट मरीन प्लायचं करून घ्या, आयएस 710चा शिक्का बघून. बाकीची फळीची राहू देत. पाइपसाठी फळी कापाल तिथली प्रत्येक उघडी कड सिलिकॉननं किंवा वॉर्निशनं बंद करा. ही कड विसरली जाते आणि फुगायला सुरुवात तिथूनच होते.

शेवटी गॅस, आणि इथे मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. सिलिंडरला सगळीकडून बंद कपाटात ठेवू नका. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली उतरतो, जमिनीलगत साचतो आणि बंद खणात तर साठूनच राहतो. त्यामुळे त्या खणाला तळ नको आणि खाली पायपट्टी नको. दार लावायचंच असेल तर ते तळाशी जाळीचं हवं. सिलिंडर उभाच आणि थेट फरशीवर असावा. तळाच्या फळीवर चढवला तर रेग्युलेटरसकट मावायला जागा जेमतेम उरते आणि घाईच्या वेळी बटणापर्यंत हात पोचत नाही. रबरी नळी फळीला भोक पाडून पलीकडे नेऊ नका. ती पूर्ण लांबीभर डोळ्यांना दिसली पाहिजे आणि पाच वर्षांनी बदलली पाहिजे.

पाइपचा गॅस असेल तर हिशेब उलटा होतो. तो हवेपेक्षा हलका, वर चढणारा, म्हणून झरोका वरच्या बाजूला हवा. त्याची झडप कपाटाच्या पाठीमागे गाडू नका. पाइप आड येत असेल तर कपाट कापा, पाइपला हात लावू नका. तो सरकवायचाच झाला तर गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाला बोलवा आणि तो येईपर्यंत तो खण रिकामा ठेवा.