गुरुजींचं प्रोफाइल

अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचं नेर, कागदोपत्री नेर परसोपंत, हे गाव एवढं मोठं आहे की मोबाइलला रेंज धड मिळते, आणि एवढं लहान की कुणी मोबाइल आडोशाला नेऊन पाहिला हे दिवेलागणीपर्यंत चार गल्ल्यांना ठाऊक होतं. अशा तालुक्याच्या गावांत हल्ली एक नवा गृहस्थ दिसू लागला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त, पत्नी जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, मुलगी अमरावतीला सासरी, सहा एकर वावर मक्त्यानं दिलेलं आणि पेन्शन महिन्याच्या महिन्याला खात्यात. सकाळचा पेपर नऊला संपतो आणि तिथून रात्रीच्या बातम्यांपर्यंत दिवस नुसता पसरलेला असतो. याला आपण गुरुजी म्हणू. सध्या गुरुजी जोडीदार शोधून देणारं अ‍ॅप निवडताहेत. पाहणाऱ्याला वाटतं, बुढ्याले लग्नाची घाई झाली. घाई कसली? अजून अ‍ॅपच ठरत नाही! ते का ठरत नाही हे नीट पाहिलं, तर गुरुजींचा निकषच उलटा आहे हे ध्यानात येतं. चांगली बाई कुठे भेटेल हा प्रश्न त्यांच्या यादीत दुसरा. पहिला प्रश्न, कुणाला कळणार नाही असं अ‍ॅप कोणतं.

याच गुरुजींनी कपाशीचं बियाणं कधी असं निवडलं नाही. जूनमध्ये कृषी केंद्रावर जाण्याआधी मागच्या साली शेजारच्या वावरात कोणत्या वाणाला किती बोंडं लागली होती, हे चार जणांना विचारूनच पिशवी घेतली. इथे मात्र विचारायचं कुणाला? मग एकट्यानं प्रयोग सुरू होतात. टिंडर 2012 सालचं, तरुणांसाठी निघालेलं. त्याची सगळी करामत जवळपासचं माणूस दाखवण्यात. पुण्या-मुंबईत ही सोय असेल, नेरमध्ये ती आफत आहे. अंतर कमी ठेवलं तर पहिला फोटो कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचा येण्याचा धोका, ज्यांच्यासोबत तीन निवडणुकांची ड्यूटी केली आहे. खरं तर त्यात भिण्यासारखं काही नाही, कारण बाईंनी गुरुजींना पाहिलं याचा अर्थ बाईही तिथेच होत्या. पण इतका तर्क गुरुजी त्या क्षणी करत नाहीत. ते मोबाइल उपडा ठेवून पंख्याकडे पाहतात. बम्बल 2018 मध्ये भारतात आलं तेव्हा पहिला निरोप बाईनं पाठवायचा, हा त्याचा मुख्य नियम होता. आयुष्यभर वर्गात पहिलं वाक्य स्वतः बोललेल्या माणसाला तोही सोसत नाही. राहिली लग्न जुळवणारी संकेतस्थळं. ती अदबशीर असतात, पण दारातच विचारतात की हे स्थळ कुणासाठी: स्वतःसाठी, मुलासाठी, मुलीसाठी, भावा-बहिणीसाठी? वडिलांसाठी असा रकाना सहसा नसतो. बापासाठी पोरं स्थळ पाहतील, हे रकाने पाडणाऱ्याच्याही डोक्यात आलं नसावं.

पुढे जन्मतारीख. गुरुजींच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवली, आणि ती बहुतेक एक जून किंवा एक जुलै असते. अ‍ॅप त्या तारखेवरून बिनदिक्कत रास काढतं, म्हणून या वयाचे उमेदवार एकतर मिथुन नाहीतर कर्क. त्याखाली अपेक्षित वयाची पट्टी असते, आणि इथे गुरुजींचं पितळ उघडं पडतं. स्वतःचं वय बासष्ट; पट्टी सरकवतात पंचेचाळीस ते पन्नासवर. गोविंद बल्लाळ देवलांनी 1899 साली ‘संगीत शारदा’त भुजंगनाथाला रंगभूमीवर आणलं तेव्हापासून मराठी माणूस म्हाताऱ्या नवरदेवाला हसतो आहे. ते हसू रास्त होतं, कारण समोर पोरवयाची मुलगी होती आणि तिला कुणी विचारत नव्हतं. आज पन्नाशीच्या बाईला आपण होऊन नकार देता येतो, आणि ती तो अंगठ्याच्या एका फटक्यात देते. तेव्हा पट्टीबद्दल गुरुजींना जरूर हसा. पण ‘या वयात कायले पाह्यजे?’ म्हणून जे हसणं चालतं, त्याला शारदेचा आधार नाही. देवलांचा रोख नवरदेवाच्या नुसत्या वयावर नव्हता, वयातल्या अंतरावर आणि मुलीच्या असहायतेवर होता.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, लोकांचं जाऊ द्या, पोरांचं काय? पोरांचा आक्षेप बापाच्या प्रेमाला क्वचितच असतो. तो सातबाऱ्याला असतो, आणि तो अगदीच गैर नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता माणूस गेला तर पत्नी, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा. गुरुजींचं सहा एकर स्वकमाईचं वावर आज दोघांत तीन-तीन एकर आहे. लग्नानंतर तेच तिघांत दोन-दोन होतं. हे गणित गुरुजींनीच पोराला चौथीत शिकवलेलं असतं. पण ते तोंडावर कुणीच मांडत नाही. पोरगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही पुण्याले या’. गुरुजी म्हणतात, ‘पाहू’. आणि रात्री पांघरुणात पुन्हा मोबाइल उजळतो.

लपवण्याची खरी किंमत तिथेच मोजावी लागते. परदेशातल्या डॉक्टरीणबाई, चार दिवसांत जडलेला जीव, विमानतळावर अडकलेलं भेटवस्तूचं पार्सल आणि ते सोडवायला लागणारे पैसे, हा डाव आता जुना झाला. तरी तो चालतो, कारण समोरच्याला पक्कं माहीत असतं की हा माणूस घरी विचारणार नाही आणि फसला तरी बोलणार नाही. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे, लवकर फोन केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. गुरुजी फोन करत नाहीत. तक्रारीत पार्सल कुणाकडून येणार होतं ते सांगावं लागेल ना! अ‍ॅप सुरक्षित की असुरक्षित ही चर्चा म्हणूनच मला थोडी फोल वाटते. ज्याची कुणाला खबर नाही, त्याला कोणतंही अ‍ॅप धोक्याचंच.

उलट दाखला पाहायचा तर पुण्यात माधव दामले यांनी 2012 पासून ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी चालवलेलं काम पाहावं, किंवा अहमदाबादेत नटूभाई पटेलांच्या अनुबंध फाउंडेशनचे मेळावे. तिथे माणसं उजेडात, समोरासमोर बसतात. लग्नच करावं असाही हट्ट नाही, आणि बायकांच्या बाजूनं त्याला कारण आहे: भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या पेन्शन योजनेत विधवेनं पुनर्विवाह केला की तिची पेन्शन थांबते. मंगळसूत्राची एवढी किंमत मोजण्याआधी बाई दहादा विचार करणारच. हे सगळं मोठ्या शहरांत ठीक, नेरला असं कुठे, असं कुणी म्हणेल. पण यवतमाळ आणि अमरावती दोन्हीकडे एसटी जाते. पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर फुकट, आणि मार्च 2023 पासून बायकांना सरसकट अर्धं. उतारवयातल्या भेटीगाठींना सरकारनं याहून जास्त अनुदान काय द्यावं? बासष्टच्या गुरुजींना तेवढं पूर्ण तिकीट पडेल.

म्हणून गुरुजींना एवढंच सांगणं आहे. अ‍ॅप कोणतंही घ्या, वयाची पट्टी जरा वर सरकवा, पण फोटो चढवण्याआधी पोरांना बसवून वावराचं काय ते ठरवा आणि मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. सही आणि दोन साक्षीदार पुरतात. साक्षीदार बसस्टँडवर चहाच्या कपात मिळतील. बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होईल, आणि ती झालेलीच बरी.